मेल्विन ब्रॅग, ‘इन अवर टाइम’ आणि न कळण्याचा हक्क

गेल्या दिवाळीत बाबांनी मला एक प्रश्न विचारला आणि मी त्यांना वाईट उत्तर दिलं. आजची पोस्ट खरं तर एका ब्रिटिश प्रसारकाबद्दल आहे, पण सुरुवात त्या प्रश्नापासून करते, कारण माझ्या डोक्यात हा विषय तिथूनच सुरू झाला.

इथे नेहमी येणाऱ्यांना माहीत आहे की मी रुबिस्को नावाच्या विकरावर काम करते. नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून त्याची साखर करायची, या कामातली पहिली पकड रुबिस्कोची. आपण जे काही खातो ते कुठे ना कुठे या पकडीतून आलेलं असतं. आणि एवढ्या महत्त्वाच्या कामावर असलेलं हे विकर अगदी संथ आहे. काही विकरं सेकंदाला लाखो रेणू उरकतात, वनस्पतींमधलं रुबिस्को सेकंदाला तीन ते दहा. वर ते चुकतंही. चार-पाच वेळांतून एकदा कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडतं आणि मग ती चूक निस्तरण्यात झाडाची ऊर्जा वाया जाते.

हे सगळं मी फराळाच्या ताटावर मोठ्या उत्साहाने सांगितलं. बाबा महावितरणमधून लाइनमन म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी चकली मोडली आणि विचारलं, “मग इतक्या कोटी वर्षांत झाडांनी ते दुरुस्त का नाही केलं?”

मी म्हणाले, “ते जरा कॉम्प्लिकेटेड आहे बाबा. तुम्हाला नाही कळणार.”

“मला नाही कळणार, की तुला नाही सांगता येत?”

मी विषय बदलला. त्याच आठवड्यात परतीच्या एसटीत मी ‘इन अवर टाइम’चे जुने भाग लावून बसले होते आणि लक्षात आलं की बाबांनी विचारला त्याच जातीचा प्रश्न हा माणूस सत्तावीस वर्षं दर गुरुवारी प्राध्यापकांना विचारत आला. फरक एवढाच, की त्याला कोणी ‘तुम्हाला नाही कळणार’ असं म्हणू शकत नव्हतं.

कोण हे ब्रॅग?

मेल्विन ब्रॅग यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९३९ चा, कार्लाइलचा. वाढले ते इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातल्या विग्टन नावाच्या छोट्या गावात. घर कामगार वर्गातलं. वडील पुढे गावातला पब चालवायला लागले आणि कुटुंब त्या पबच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलं. गावातल्या शाळेतून ऑक्सफर्डच्या वॉडम कॉलेजात गेले, इतिहास शिकले. १९६१ मध्ये बीबीसीत प्रशिक्षणार्थी म्हणून लागले आणि ह्यू वेल्डन यांच्या ‘मॉनिटर’ या कलाविषयक कार्यक्रमात काम करू लागले. केन रसेलसारखा दिग्दर्शक तिथेच काम करत होता. पुढे रसेलच्या चायकॉव्हस्कीवरच्या चित्रपटाची पटकथा ब्रॅग यांनीच लिहिली.

१९७८ मध्ये ‘द साउथ बँक शो’ सुरू झाला. यात ब्रॅग यांनी एक साधी गोष्ट केली, जी त्या वेळी अनेकांना खटकली. ऑपेरा आणि पॉप संगीत त्यांनी एकाच टेबलावर मांडलं. पहिल्याच भागात पॉल मॅकार्टनी होता. आयटीव्हीवर हा कार्यक्रम २०१० पर्यंत चालला. शिवाय कादंबऱ्या लिहिणं चालूच होतं, पहिली १९६५ मध्ये आली.

मग १९९८. टोनी ब्लेअर यांच्या काळात ब्रॅग हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेले, मजूर पक्षाच्या बाजूने. तोवर दहा वर्षं ते रेडिओ ४ वर सोमवार सकाळचा ‘स्टार्ट द वीक’ चालवत होते. राजकीय बाकावर बसलेल्या माणसाने चालू घडामोडींचा कार्यक्रम करणं बरं दिसेना, म्हणून तो गेला. त्याऐवजी गुरुवारी सकाळी नऊची वेळ मिळाली, जिला रेडिओवाले ‘मेलेली वेळ’ म्हणायचे. करार सहा महिन्यांचा होता, असं ब्रॅग यांनीच सांगितलेलं आहे. त्यांनी ठरवलं, नाहीतरी बंदच पडणार आहे, तर मग मला जे शिकायचंय तेच करतो. १५ ऑक्टोबर १९९८ ला पहिला भाग गेला. २०२३ मध्ये हजारावा भाग झाला, बर्गमनच्या ‘द सेव्हन्थ सील’वर. सप्टेंबर २०२५ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, ब्रॅग पायउतार होत असल्याचं जाहीर झालं.

कार्यक्रमात असतं काय?

सांगायला गेलं तर काहीच नाही. एक सूत्रधार, तीन अभ्यासक, पाऊण तास. सुरुवातीला संगीत नाही, मधे ध्वनिपरिणाम नाहीत, विनोद नाहीत, श्रोत्यांचे फोन नाहीत. पाहुणे बहुतेक विद्यापीठांत शिकवणारे, आणि आपलं नवीन पुस्तक खपवायला यायचं नाही हा अलिखित नियम. ब्रॅग ‘हॅलो’ म्हणतात, विषयाची दोन-चार वाक्यांत ओळख करून देतात आणि थेट पहिला प्रश्न. विषय मात्र कुठलाही. एका आठवड्यात मध्ययुगीन कवी, पुढच्या आठवड्यात पाउलीचं अपवर्जन तत्त्व. उष्मागतिकीचा दुसरा नियम, केवल शून्य तापमान, पी विरुद्ध एनपी, प्रकाशसंश्लेषण, विकरं, सगळ्यांवर भाग आहेत.

पॉडकास्टमध्ये मुख्य भाग संपल्यावर आणखी काही मिनिटं जोडलेली असतात. त्यात ब्रॅग विचारतात, काय राहून गेलं? पाहुणे सैल होतात, एकमेकांशी वाद घालतात, आणि मग निर्माता आत येऊन चहा हवा की कॉफी विचारतो. विज्ञानाच्या भागांत मला अनेकदा हा शेवटचा तुकडाच सगळ्यात जास्त आवडलाय. का, ते पुढे सांगते.

आता प्रश्न असा, की इतक्या कोरड्या साच्यात लोक पाव शतक का अडकून राहिले?

माझं उत्तर: या कार्यक्रमात न कळण्याची लाज नव्हती. ब्रॅग इतिहासाचे विद्यार्थी. विज्ञान त्यांना शाळेनंतर फारसं भेटलंच नव्हतं, आणि हे ते लपवत नसत. आधी टिपणं वाचून यायचे, भरपूर वाचायचे, पण स्टुडिओत प्राध्यापक घसरला की थांबवायचे. हा शब्द काय? याच्या आधी काय होतं? जरा मागे जाऊ या. स्वतःला कळलेलं नाही हे मान्य करून थांबवणारा सूत्रधार असला की ऐकणाऱ्यालाही धीर येतो. आपण एकटेच मठ्ठ नाही.

सी. पी. स्नो यांनी १९५९ मध्ये केंब्रिजला ‘दोन संस्कृतीं’वर व्याख्यान दिलं होतं. साहित्यवाल्यांना उष्मागतिकीचा दुसरा नियम माहीत नसतो आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही, ही त्यांची तक्रार. ब्रॅग पुरते साहित्यवाले. पण २००४ मध्ये त्यांनी नेमक्या त्याच नियमावर एक भाग केला आणि तज्ज्ञांसमोर विद्यार्थ्यासारखे बसले. स्नोंच्या तक्रारीला याहून सरळ उत्तर मला तरी माहीत नाही.

मधेच तोडणं

ब्रॅग यांच्यावरचा सगळ्यात जुना आक्षेप म्हणजे ते मधेच तोडतात. आवाज थोडा नाकातला, त्यात घाई. पाहुणी रंगात आलेली असते आणि हे म्हणतात, त्याकडे आपण नंतर येऊ. कधी येतात, कधी येतच नाहीत. मलाही याचा राग यायचा.

पण मग मी त्यांची १९९४ ची डेनिस पॉटर यांची मुलाखत पाहिली. पॉटर म्हणजे ब्रिटिश दूरचित्रवाणीचे मोठे नाटककार. कर्करोगाने शेवटच्या टप्प्यात होते आणि मुलाखत चालू असताना वेदना थांबवायला मॉर्फिनचे घोट घेत होते. स्वतःच्या ट्यूमरला त्यांनी माध्यमसम्राट मर्डोक यांचं ‘रुपर्ट’ हे नाव दिलं होतं. खिडकीबाहेरच्या फुलोऱ्याबद्दल ते जे बोलले ते ऐकून आजही गळा दाटतो. ही मुलाखत एप्रिल १९९४ मध्ये दाखवली गेली, पॉटर जूनमध्ये गेले. त्या अख्ख्या मुलाखतीत ब्रॅग जवळजवळ नाहीतच. छोटे प्रश्न, आणि मग गप्प.

म्हणजे या माणसाला गप्प बसता येत होतं. मग गुरुवारी का नाही बसले?

मला वाटतं इथे त्यांची समज दिसते. पॉटर स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलत होते, त्यावर त्यांचाच अधिकार होता. प्राध्यापक मात्र अशा गोष्टीबद्दल बोलत असतात जी सगळ्यांची आहे आणि जिच्यावर त्यांच्या परिभाषेचं कुलूप बसलंय. पहिल्या माणसापुढे गप्प राहणं हा आदर. दुसऱ्यापुढे गप्प राहणं म्हणजे श्रोत्याला दाराबाहेर ठेवणं.

ही सवय त्यांना फार आधीपासून होती असं दिसतं. १९७६ मध्ये त्यांनी ‘स्पीक फॉर इंग्लंड’ हे पुस्तक केलं. त्यात विग्टनच्या साध्या माणसांनी स्वतःच्या तोंडून सांगितलेल्या आठवणींतून विसाव्या शतकातलं इंग्लंड उभं केलंय. गिरणीतल्या, शेतातल्या, दुकानातल्या लोकांचं बोलणं त्यांनी कान देऊन ऐकलं होतं. माझा अंदाज असा, की स्टुडिओत प्राध्यापकांना थांबवताना त्यांच्या डोळ्यांपुढे हीच माणसं असावीत. पबच्या काउंटरवर हे वाक्य टिकेल का?

कुठे कमी पडले?

आता टीका. कौतुकच करायचं असतं तर पोस्ट लिहायची गरज नव्हती.

पहिली गोष्ट. ब्रॅग विज्ञानाकडेही इतिहासाचे विद्यार्थी म्हणूनच येतात. विषय इलेक्ट्रॉन असो की विकर, त्यांचा पहिला ओढा कोणी शोधलं, कधी, त्याआधी लोक काय मानत होते, इकडेच. १९९८ मध्ये, ‘इन अवर टाइम’च्याच वर्षी, त्यांनी आर्किमिडीजपासून क्रिक-वॉटसनपर्यंतच्या वैज्ञानिकांवर ‘ऑन जायंट्स शोल्डर्स’ ही मालिका आणि पुस्तक केलं. नावातच खांदे आहेत, आणि खांदे राक्षसांचे. या वाटेने सामान्य श्रोता विषयात सहज शिरतो हे खरं. पण गोष्ट माणसांची होते आणि पदार्थ मागे राहतो. पंधरा मिनिटं चरित्रात गेली की यंत्रणा समजावायला वेळ उरत नाही, आणि घाई सुरू होते ती नेमकी जिथे थांबायला हवं तिथे.

दुसरी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची. कार्यक्रमात विज्ञान बहुतेक वेळा पूर्ण झालेलं असतं. निकाल लागलेला, इमारत उभी. प्रयोगशाळेत रोज जे चालतं, चौदा वेळा फसलेलं प्रथिन शुद्धीकरण, एकमेकांशी न जुळणारे आलेख, दोन गटांचे दोन दावे, ते मुख्य पाऊण तासात फारसं येत नाही. ते येतं चहा-कॉफीच्या आधीच्या त्या शेवटच्या तुकड्यात. तिथे प्राध्यापक म्हणतात, खरं तर यावर अजून वाद आहे. मला तोच तुकडा का आवडतो ते आता कळलं असेल. पण ‘यावर वाद आहे’ हे पुरवणीत टाकायचं आणि ‘हे असं आहे’ हे मुख्य पानावर, याने विज्ञानाचं चित्र थोडं खोटं होतं. शोधापेक्षा निकाल मोठा दिसतो.

तिसरी गोष्ट नावातली. ‘आपल्या काळात’ म्हणजे कोणाच्या? पाहुणे बहुतांशी ब्रिटिश विद्यापीठांतले, त्यामुळे विषयांची नजरही तिथली. भारताकडे कार्यक्रम वळला नाही असं नाही. अशोकावर भाग आहे, भगवद्गीतेवर आहे, १८५७ वर आहे, टागोरांवर आहे. पण २००६ चा ‘भारतीय गणित’ हा भाग बघा. इलेक्ट्रॉनला एक भाग, प्रोटॉनला एक, न्यूट्रॉनला एक, आणि उपखंडातल्या काही हजार वर्षांच्या गणिताला मिळून एक. त्याआधी शून्यावर स्वतंत्र भाग झाला होता, ते मान्य. तरी प्रमाण बोलकं आहे. ओळखीच्या गोष्टीचे आपण बारीक तुकडे करतो आणि अनोळखी गोष्टीचा एकच मोठा गठ्ठा बांधतो. ब्रॅग यांचा हेतू वाईट नव्हता, पण ज्याला ‘जरा मागे जाऊ या’ म्हणायची सवय आहे त्याने इथेही मागे जायला हवं होतं.

चौथी गोष्ट तुम्ही विचाराल म्हणून. लॉर्ड झालेला, लीड्स विद्यापीठाचा कुलपती राहिलेला, सत्ताधाऱ्यांच्या ओळखीचा माणूस, तो कसला पबवाल्यांचा प्रतिनिधी? हा आक्षेप मला अर्धाच पटतो. पाहुण्यांनी त्यांचं ऐकलं, यात त्या वजनाचा वाटा नक्कीच होता. ब्रॅग यांनी थांबवलं की प्राध्यापक नम्रपणे मागे जायचे. माझे बाबा थांबवतात तेव्हा त्यांची मुलगी विषय बदलते. न कळण्याचा हक्क सगळ्यांचा आहे असं ब्रॅग यांनी दाखवलं, पण तो बजावायला लॉर्ड असणं किती कामी येतं, हेही नकळत दाखवलं.

मग बाबांच्या प्रश्नाचं काय?

गोची अशी, की बाबांचा प्रश्न बाळबोध नव्हताच. माझ्या क्षेत्रातला तो मुख्य प्रश्नांपैकी एक आहे. मी त्यांना टाळलं याचं एक कारण हेही होतं की त्याचं सरळ उत्तर माझ्याकडे नव्हतं. ‘तुम्हाला नाही कळणार’ हे वाक्य आम्ही संशोधक बऱ्याचदा स्वतःला झाकायला वापरतो.

मागच्या महिन्यात मी त्यांना फोन केला आणि म्हटलं, आता सांगते, कळलं नाही की थांबवा. सांगायला लागले. रुबिस्को घडलं तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हताच, त्यामुळे दोघांतला फरक ओळखण्याची गरजच नव्हती. पुढे प्रकाशसंश्लेषणानेच हवेत ऑक्सिजन भरला आणि हे विकर अडचणीत आलं.

“थांब,” बाबा म्हणाले. “म्हणजे त्याने स्वतःच केलेल्या कचऱ्यात ते अडकलं?”

हो, असंच. मग मी सांगितलं की एक मत असं आहे, की निवड अचूक करायला गेलं तर वेग कमी होतो आणि वेग वाढवला तर चुका वाढतात, म्हणून सुधारणा अडली. अलीकडच्या काही विश्लेषणांनी मात्र दाखवलंय की ही देवघेव आधी वाटली तेवढी कडक नाही.

“मग दोन्हीतलं खरं काय?”

“त्यावर अजून वाद आहे.”

“हे तेव्हाच सांगायचं ना. यात न कळण्यासारखं काय होतं?”

शेवटी मी ऊस, ज्वारी आणि मक्याबद्दल सांगितलं. त्यांनी विकर बदलायच्या भानगडीत न पडता त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइड दाटवण्याची व्यवस्था केली, म्हणजे चूक व्हायला वावच कमी. बाबांना हे फार आवडलं. म्हणाले, फॉल्ट काढता येत नसेल तर लोड दुसऱ्या लाइनवर घ्यायचा, आम्ही पण तेच करायचो. उपमा शंभर टक्के बसत नाही, पण माझ्या सेमिनारच्या पहिल्या स्लाइडपेक्षा बरी आहे.

त्या फोनमध्ये त्यांनी मला पाच-सहा वेळा थांबवलं. दर वेळी मला मागे जावं लागलं, आणि एकदा तर लक्षात आलं की ‘वेग’ हा शब्द मी दोन वेगळ्या अर्थांनी वापरत होते. माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणातही तो तसाच गोंधळलेला आहे. दुरुस्त करायला घेतलाय.

ब्रॅग यांचे भाग ऐकायचे असतील तर विज्ञानापासून सुरू करू नका असं मी सुचवेन. आपल्याला अजिबात न येणारा विषय निवडा, म्हणजे ते कुठे आणि का थांबवतात ते नीट कळेल. मग आपल्या विषयाचा भाग ऐका आणि त्यांच्या जागी आपल्या घरातलं एखादं माणूस बसवून बघा. त्या माणसाने कुठे थांबवलं असतं?